दोन आकडे उलटे: नवा पासपोर्ट ते जीडीची दुरुस्ती

माझा पासपोर्ट यंदा ऑगस्टमध्ये संपत होता. इतरांसाठी ऑगस्ट म्हणजे ऑगस्ट. केबिन क्रूसाठी तो फेब्रुवारीतच संपल्यात जमा असतो, कारण बऱ्याच देशांना पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. तेवढी उरली नाही की आमचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, बनवणारं सॉफ्टवेअर परदेशी फ्लाइट देणं आपोआप थांबवतं. नवा पासपोर्ट कसा काढायचा यावर नेटवर ढिगाने माहिती आहे. तो हातात आल्यावर क्रूला काय काय करावं लागतं, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते आता लिहितेय.

पासपोर्टचा भाग पटकन सांगते, कारण तो खरंच सोपा गेला. मुदत संपायला एक वर्ष उरलं की री-इश्यूचा अर्ज करता येतो. साध्या अर्जाला ३६ पानी पुस्तिकेचे १,५०० रुपये आणि ६० पानीचे २,०००. तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २,०००. मी जानेवारीच्या शेवटी ३,५०० भरून तत्काळ अर्ज केला. ६० पानी घे, असं सगळे सांगत होते, पण क्रूच्या पासपोर्टवर शिक्के फारसे पडतच नाहीत. का पडत नाहीत ते पुढे येईलच. माझ्या जुन्या पासपोर्टची निम्म्याहून जास्त पानं कोरी होती, म्हणून ३६ वर भागवलं.

घर सांगलीला, राहते मरोळला भाड्याने. पत्ता मुंबईचाच दिला, कारण पोलीस पडताळणीला ज्या पत्त्यावर माणूस येतो तिथे आपण सापडायला हवं. भाडेकरार नोंदणी केलेला होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. सेवा केंद्रात ए काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांचं स्कॅनिंग होतं, बी वर कागद तपासतात, सी वर मंजुरी मिळते. वेळ सकाळची घेतली होती, दुपारच्या जेवणाला घरी होते. जुन्या पासपोर्टात एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर काउंटरवर आठवणीने सांगा. पासपोर्ट रद्द करताना कोपरा कापतात, तेव्हा व्हिसाचं पान शाबूत राहिलं पाहिजे. जुनी पुस्तिका परत मिळते आणि ती टाकायची नसते.

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ओळखपत्र बघून ज्याचा त्यालाच देतात. पोस्टमनकाका आले तेव्हा मी इंदूरच्या वाटेवर, आकाशात. दुसऱ्या दिवशी पोस्ट ऑफिसात जाऊन घेऊन आले. क्रूमधल्यांनी ट्रॅकिंग बघत राहावं आणि जमलं तर त्या दोन-तीन दिवसांत ऑफ मागून ठेवावा.

फेब्रुवारीच्या मध्यावर नवा पासपोर्ट हातात होता. त्याच दिवशी कंपनीचा फॉर्म भरला, रंगीत स्कॅन जोडलं आणि क्रू रेकॉर्ड्स विभागाला मेल केली. दोन दिवसांत उत्तर आलं, ‘अपडेटेड’. आमच्या अ‍ॅपमध्ये पासपोर्टसमोर हिरवी खूण आली, खाली संपण्याची नवी तारीख. तारीख बरोबर होती. अ‍ॅपमध्ये क्रूला तेवढंच दिसतं. नंबर दिसत नाही.

फेब्रुवारीचा उरलेला भाग आणि मार्चचा बराचसा देशांतर्गत फ्लाइट्समध्ये गेला. नागपूर, इंदूर, कोची, परत नागपूर. पासपोर्ट बॅगेत असायचा, कुणी विचारायचं नाही. देशांतर्गत फ्लाइटला जीडी नसते, त्यामुळे आत काही चुकलंय हे कळायला मार्गच नव्हता.

आता जीडीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. जनरल डिक्लेरेशन, आमच्या बोलीत जीडी. परदेशी जाणाऱ्या विमानाचा हा कागद: विमान कुठलं, कुठून कुठे, आणि त्यावरच्या प्रत्येक क्रूचं नाव, हुद्दा, पासपोर्ट नंबर. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिच्या नवव्या परिशिष्टात, जे १९४९ मध्ये स्वीकारलं गेलं, या कागदाचा नमुना दिलेला आहे. खाली कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीची किंवा पायलट-इन-कमांडची सही लागते. प्रवासी जिथे व्हिसा दाखवतो, तिथे बऱ्याच देशांत क्रू जीडी दाखवतो आणि शिक्काही जीडीवरच बसतो. ब्रिटनच्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात तर विमानाच्या क्रूला वेगळी परवानगी न घेता सात दिवसांपर्यंत उतरण्याची मुभा लिहिलेली आहे. त्या मुभेचा आधार एकच, की तुम्ही खरोखर त्या विमानाचे क्रू आहात. ते सांगणारा कागद हा. म्हणजे त्यावर आपला नंबर चुकला तर काउंटरपलीकडच्या माणसाच्या दृष्टीने आपण गणवेश घातलेली, व्हिसा नसलेली एक बाई असतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आखातातली टर्नअराउंड लागली. जायचं, प्रवासी उतरवायचे, नवे चढवायचे आणि परत यायचं. नवीन पासपोर्टवरची पहिलीच परदेशी फ्लाइट. पिक-अप रात्री एकच्या सुमारास, बीए टेस्ट (दारू प्यायलेली नाही ना, ही श्वासाची तपासणी) झाली, ब्रीफिंग झालं, केबिन क्रूच्या प्रमुख मॅमनी सगळ्यांचे कागद बघितले. पासपोर्ट आहे, मुदत आहे, कार्ड आहे. ब्रीफिंगमध्ये एवढंच बघतात. जीडी नंतर एअरपोर्टवरच हातात येते.

टर्मिनल २ वर क्रूच्या काउंटरला आम्ही ओळीने उभे राहिलो. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर पुढे गेले, मॅम गेल्या. माझा पासपोर्ट घेऊन अधिकाऱ्यांनी जीडीवर बोट ठेवलं, परत पासपोर्टकडे बघितलं, परत जीडीकडे.

“मॅडम, नंबर मॅच नहीं हो रहा.”

मला वाटलं जुना नंबर आला असेल. तसं नव्हतं. नंबर नवाच होता, फक्त मधले दोन आकडे उलटे. एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे, त्यात ४७ च्या जागी ७४ असावं तसं. कुणीतरी माझं स्कॅन बघून हाताने टाइप केलं होतं.

मी म्हटलं, “सर, पेनने दुरुस्त करून कॅप्टनची सही घेतली तर?” काही ठिकाणी तसं चालतं, एक रेघ मारून शेजारी बरोबर नंबर आणि सही. त्यांनी मान हलवली. नवी प्रत आणा म्हणाले. आवाज चढवला नाही, हिडीसफिडीस केली नाही, पण बाजूला उभं राहायला सांगितलं. बाकीचे क्रू निघून गेले आणि मी ट्रॉली बॅग घेऊन खांबापाशी. शेजारच्या रांगेतले प्रवासी बघत होते. गणवेशातल्या मुलीला इमिग्रेशनने थांबवलं म्हटल्यावर लोकांच्या मनात जे येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. आईला फोन करावासा वाटला आणि लगेच आठवलं की रात्रीचे अडीच वाजलेत.

क्रू कंट्रोलला, म्हणजे आमच्या ड्यूट्या सांभाळणाऱ्या विभागाला, फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅम, पासपोर्ट डेटा आम्हाला एडिट करता येत नाही, फक्त रेकॉर्ड्सला येतो.” रेकॉर्ड्सचं ऑफिस सकाळी उघडतं. जीडी आपोआप त्याच डेटातून छापली जाते. म्हणजे कितीही वेळा छापली तरी ७४ च येणार.

मार्ग काढला आमच्या एअरपोर्ट ऑपरेशन्सच्या एका दादांनी. कोऱ्या नमुन्यावर अख्खी जीडी हाताने टाइप करायची. फक्त माझी ओळ नव्हे, सगळ्या क्रूची, कारण कागद एकच असतो. त्यांनी मला शेजारी बसवून माझा पासपोर्ट उघडा ठेवला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लावला. मग प्रती काढल्या. कॅप्टन सर गेटवरून परत आले, सही केली आणि एवढंच म्हणाले, “चला, काम झालं, आता फ्लाइटकडे लक्ष.” तोवर क्रू कंट्रोलने स्टँडबायवरच्या, म्हणजे ऐनवेळी बोलावण्यासाठी राखीव असलेल्या, एका मुलीला उठवून गाडीत बसवलंही होतं. तेही बरोबरच होतं. आपल्याकडे नियमाने दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू लागतो, आणि १८० आसनांच्या विमानात चौघांपैकी एक कमी झाली तर विमान हलत नाही. त्या मुलीची झोप माझ्या दोन आकड्यांपायी गेली. नंतर तिला मी चहा पाजला.

दारं बंद व्हायला सुमारे २५ मिनिटं उशीर झाला.

अशा वेळी उपयोगी पडेल म्हणून सांगते. काउंटरवरून हलायच्या आधी चुकीच्या जीडीचा फोटो घेता येईल का, हे ऑपरेशन्सच्या माणसाला विचारा. इमिग्रेशनच्या भागात आपण स्वतः फोन काढून फोटो घेऊ नये, तिथे मनाई असते. मला त्या दादांनी नंतर ऑफिसातून रद्द झालेल्या प्रतीची कॉपी दिली. पुढे ती फार कामाला आली. क्रू कंट्रोलला केलेल्या फोनची वेळही लिहून ठेवा.

परत आल्यावर झोपून उठले तर रोस्टर बदललेलं. पुढच्या दोन्ही परदेशी फ्लाइट्स काढलेल्या आणि नावासमोर कागदपत्रांमुळे निर्बंध असल्याची खूण. म्हणजे परत नागपूर. परदेशी फ्लाइटचा भत्ता वेगळा मिळतो. घरभाडं आणि सांगलीला पाठवायचे पैसे त्यावरच बसवलेले असतात, तेव्हा एप्रिल ओढाताणीचा जाणार हे दिसतच होतं. त्यात आणखी एक मेल होती: उशिराबद्दल खुलासा द्या.

आधी दुरुस्ती. रेकॉर्ड्सच्या ऑफिसात सुट्टीच्या दिवशी गेले. मेलवर मेल करण्यापेक्षा समोर जाऊन बसलेलं बरं, हे माझं मत आता पक्कं झालंय. मूळ पासपोर्ट, जुना पासपोर्ट, रद्द झालेल्या जीडीची प्रत आणि नवा फॉर्म दिला. तिथल्या ताई सज्जन होत्या. कामाचा डोंगर आणि माणसं दोन, हे टेबलाकडे बघून कळत होतं. ‘उद्यापर्यंत होईल’ म्हणाल्या. झालं चार-पाच दिवसांनी, मध्ये गुढीपाडव्याची सुट्टी लागली.

मी या वेळी एकच गोष्ट धरून बसले. ‘अपडेटेड’ अशी मेल नको, माझ्या नावाची नमुना जीडी छापून दाखवा. त्यांनी जरा कुरकुर केली, पण काढून दिली. बरं झालं. नंबर आता बरोबर होता, नाव बिघडलं होतं.

आपल्या नावात वडिलांचं नाव मधे असतं. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव आहे, सरनेममध्ये फक्त आडनाव. कंपनीच्या ओळखपत्रावर मात्र बाबांचं नाव नाही. जुन्या नोंदीत हे कसंबसं जुळवलेलं होतं. या वेळी नोंद नव्याने भरताना बाबांचं नाव सरनेमच्या रकान्यात, आडनावाच्या आधी जाऊन बसलं. वाचायला क्रम तोच दिसतो, माणसाला खटकतही नाही. पण पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत, जिथे यंत्र वाचतं, आडनाव आधी येतं आणि नंतर दोन बाणांनी नाव वेगळं केलेलं असतं. तिथे माझं आडनाव एका शब्दाचं, आणि आमच्या नोंदीत दोन शब्दांचं. क्रूमधल्या मराठी आणि गुजराती मुलामुलींनी हे जरूर तपासावं. दाक्षिणात्य मैत्रिणींची तऱ्हा आणखी वेगळी असते, कित्येकींच्या पासपोर्टवर सरनेमचा रकानाच रिकामा.

ताईंना दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. दुरुस्ती माझ्यासमोर केली. पासपोर्टवरची यंत्राची ओळ एका बाजूला आणि स्क्रीन दुसऱ्या बाजूला ठेवून आम्ही दोघींनी अक्षर न् अक्षर जुळवलं. दुसरी नमुना प्रत काढली, ती मी घडी करून जुन्या पासपोर्टात ठेवली आहे.

त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये एक सिनिअर मॅम भेटल्या. पूर्वी त्या लांब पल्ल्याच्या विमानांवर होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “अमेरिकेच्या फ्लाइटवर झालं असतं ना, तर नवी जीडी टाइप करूनही सुटली नसतीस.” तिथे क्रूची मास्टर यादी आधीच पाठवलेली असते. पहिल्यांदा यादी द्यायची ती किमान दोन दिवस आधी, त्यात नाव वाढवायचं किंवा बदलायचं तर किमान २४ तास आधी. शिवाय प्रत्येक फ्लाइटच्या क्रूची यादी उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी अमेरिकी यंत्रणेकडे गेलेली असावी लागते. नंबर यादीशी जुळला नाही तर ती व्यक्ती यादीत नाहीच, आणि रात्री अडीच वाजता २४ तास कुठून आणणार. पासपोर्ट बदलला की मॅम आपल्या ऑफिसला दोन वेगळ्या मेल करायच्या, एक जीडीच्या नोंदीसाठी, एक मास्टर यादीसाठी, कारण दोन्हीकडे माहिती वेगवेगळी माणसं भरायची. अमेरिकेचा क्रू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल आणि त्याची मुदत चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट घेऊन जाता येतं. पण मग नोंदीत व्हिसा कुठल्या नंबरशी जोडलाय तेही विचारून घ्यायचं.

त्यांनीच पिवळ्या कार्डाची आठवण केली. पीतज्वराच्या लसीचं कार्ड आता आयुष्यभर चालतं, ११ जुलै २०१६ पासून तसा नियम आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. पण माझ्या कार्डावर पासपोर्टचा नंबर लिहिलेला आहे आणि तो अर्थातच जुना. आफ्रिकेतल्या काही देशांची फ्लाइट लागली तर ते कार्ड जाताना लागू शकतं आणि परत येताना आपल्याकडेही बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मी जुना पासपोर्ट कार्डासोबत एकाच पाकिटात ठेवते, म्हणजे कार्डावरचा नंबर माझाच होता हे दाखवता येईल. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर छापलेला असतो, तेही पान दाखवता येतं.

आता खुलासा. विमानाला उशीर झाला की त्याला एक कोड द्यावा लागतो, जगभर ठरलेले दोन आकडी कोड आहेत. ६६ म्हणजे केबिन क्रू उशिरा चढला, ६८ म्हणजे केबिन क्रूची चूक, ८६ म्हणजे इमिग्रेशन, कस्टम्स किंवा आरोग्य खात्यामुळे. आमच्या उशिराला ६६ लावला होता. कागदावर बघितलं तर खोटं नाही, मी उशिराच चढले होते. पण त्या कोडवरून कुणालाही वाटेल की ही पोरगी ड्यूटी फ्री दुकानात रेंगाळली असेल.

खुलासा कसा लिहावा यावर मैत्रिणींची मतं दोन. एक म्हणाली, माफी मागून मोकळी हो, वाद वाढवू नकोस. मी माफी मागितली नाही, भांडलेही नाही. तारीख आणि वेळेनुसार घटना लिहिल्या: फॉर्म कधी दिला, ‘अपडेटेड’ची मेल कधी आली, अ‍ॅपमध्ये नंबर दिसत नाही, काउंटरवर किती वाजता पोचले, क्रू कंट्रोलला फोन किती वाजता केला, नवी जीडी किती वाजता सही झाली. सोबत माझ्या मूळ मेलची प्रत, तिला जोडलेलं स्कॅन आणि रद्द जीडी. शेवटी दोन विनंत्या. कोडचा फेरविचार व्हावा, आणि अ‍ॅपमध्ये क्रूला स्वतःचा पासपोर्ट नंबर दिसावा, निदान शेवटचे चार आकडे. एका पानात बसवलं. विशेषणं लिहिली होती ती सगळी खोडली, तेवढ्याने मजकूर निम्मा झाला.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात निर्बंध निघाला. पहिली लागली ती मस्कत, लेओव्हरसकट, म्हणजे तिथे मुक्काम करून. या वेळी ब्रीफिंगनंतर मी जीडीची प्रत इमिग्रेशनला जायच्या आधीच मागून घेतली आणि नंबर जुळवला. मॅम म्हणाल्या, सगळ्यांचेच बघून टाक. बघितले. एका मुलाची जन्मतारीख चुकलेली निघाली, दिवस आणि महिना उलटे. तो बिचारा त्याच नोंदीवर कित्येक महिने उडत होता. ऑपरेशन्सच्या दादांनी तिथल्या तिथे नवी प्रत काढली, विमान वेळेवर गेलं.

आता माझ्या फ्लॅटमधल्या दोघींचे पासपोर्ट या वर्षात बदलायचे आहेत. त्यांना मी सांगितलंय: फॉर्मसोबत पासपोर्ट नंबर मेलमध्ये वेगळा टाइप करा, म्हणजे रेकॉर्ड्सवाल्यांना तिथूनच उचलता येईल, स्कॅनवरून वाचून टाइप करावा लागणार नाही. नमुना जीडी मागा. देशांतर्गत फ्लाइट्स चालू आहेत म्हणून सगळं बरोबर आहे असं धरू नका. आणि पहिल्या परदेशी फ्लाइटला अर्धा तास आधी पोचा.

अ‍ॅपमध्ये शेवटचे चार आकडे मे महिन्यापासून दिसायला लागले. ती माझ्या पत्रामुळे झालेली सुधारणा की आधीच ठरलेली, कुणी सांगितलं नाही. डिले कोडच्या अर्जावर मात्र अजून ‘अंडर रिव्ह्यू’ असंच येतंय.